मधुमेहातील तळपायाची जखम भरून येण्यासाठी पायावरचा भार कसा उतरवावा

तळपायाला जखम झालेले मधुमेही रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी दवाखान्यात येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा मलमाबद्दलचा असतो. कोणते मलम लावावे, ड्रेसिंग रोज करावे की दिवसाआड, चांदी असलेली महाग पट्टी वापरली तर जखम लवकर भरेल का, असे ते विचारतात. हे प्रश्न रास्त आहेत, परंतु ज्या जागेवर जखम आहे त्याच जागेवर रुग्ण दिवसभर उभा राहत असेल आणि चालत असेल, तर कोणतेही मलम ती जखम भरू शकत नाही. जखम झाली ती दाबामुळे आणि ती भरत नाही तीही दाबामुळेच. म्हणून साखरेवर नियंत्रण, जंतुसंसर्गावर औषधे आणि जखमेची सफाई यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याआधी, पायावरचा भार उतरवण्याची व्यवस्था करावी लागते. डॉक्टर तिला ऑफलोडिंग म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत, जिन्यांत, स्टेशनांत आणि कामाच्या ठिकाणी ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी सांभाळावी, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

दाब जखम भरू का देत नाही, हे आधी समजून घेतले तर पुढची बंधने पाळणे सोपे जाते. बोटाचे नख दाबून धरले की ते पांढरे पडते, कारण तेथील रक्त बाजूला हटते. चालताना चवड्याच्या हाडांखालच्या कातडीचे प्रत्येक पावलाला असेच होते आणि नव्याने येऊ पाहणारी नाजूक पेशींची साय प्रत्येक पावलाला चिरडली जाते. निरोगी माणसाच्या पायात खडा रुतला तर तो लगेच लंगडतो आणि भार दुसरीकडे टाकतो. अनेक वर्षांच्या मधुमेहाने ज्याच्या पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत त्याला ती सूचना मिळतच नाही, म्हणून तो उघड्या जखमेवर नीट, सरळ, न लंगडता चालतो. त्यातच पायातले लहान स्नायू दुबळे होऊन बोटे आकड्यासारखी वाकतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते, हाडांची टोके जवळजवळ कातडीवर टेकतात आणि तेथे घट्टा तयार होतो. हा घट्टा स्वतःच दाब वाढवतो. तो तासून काढला की त्या जागेवरचा दाब साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक कमी होतो, असे मोजमापांतून दिसले आहे. मात्र हे काम प्रशिक्षित हातांनीच करावे. घरी ब्लेडने घट्टा कापणे किंवा मेडिकलच्या दुकानातली कॉर्न कॅप चिकटवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण त्या पट्टीतले आम्ल बधिर कातडी जाळते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही समज वैद्यकशास्त्राला मोठ्या प्रमाणात आपल्याच देशात आली. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. कुष्ठरोग्यांच्या पायांच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नाहीत, तर बधिर पायावर चालत राहिल्याने होतात, हे त्यांनी दाखवून दिले. प्लास्टरमध्ये ठेवलेले पाय बरे होत होते. १९६६ नंतर ते अमेरिकेतल्या कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथून ही पद्धत मधुमेही रुग्णांपर्यंत पोहोचली.

भार उतरवण्यापूर्वीची तपासणी

पाय प्लास्टर किंवा खास बुटासारख्या भार उतरवणाऱ्या साधनात बांधण्यापूर्वी त्याला रक्त पुरेसे मिळते आहे का, आणि जखमेत जंतुसंसर्ग आहे का, या दोन गोष्टी डॉक्टरांनी तपासलेल्या असाव्यात. पायाच्या नाड्या हाताला लागतात का हे पाहिले जाते, तसेच घोट्याजवळच्या आणि दंडावरच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढले जाते. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हे गुणोत्तर खोटे चांगले येऊ शकते, म्हणून शंका असल्यास पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घ्यावा किंवा डॉपलर तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, करून घ्यावी. जखमेच्या तळाशी सळई टेकवल्यावर हाड लागत असेल तर हाडाच्या संसर्गाचा विचार करावा लागतो. पाय काळा पडत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, ताप असेल, तर बूट आणि प्लास्टरची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम नसताना एक पाय अचानक सुजला, लाल झाला आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागला, तर तो शार्को पाय असू शकतो. त्यात पायाची हाडे आतल्या आत ढासळत असतात आणि रुग्णाला फारसे दुखत नाही. तेथेही उपाय भार काढण्याचाच असतो, आणि तो तातडीने करावा लागतो.

कोणते साधन निवडावे

चवड्याखाली किंवा तळपायाच्या मध्यभागी असलेल्या, रक्तपुरवठा ठीक असलेल्या आणि मोठा संसर्ग नसलेल्या जखमेसाठी गुडघ्याखालपर्यंत येणारे आणि रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन सर्वांत प्रभावी ठरते. मधुमेही पायावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्यालाच पहिला क्रमांक दिलेला आहे. याचा जुना आणि खात्रीचा प्रकार म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. हे प्लास्टर हाड मोडल्यावर घालतात त्यापेक्षा वेगळे असते. त्यात कापूस अगदी कमी असतो, ते पाय आणि पोटरीच्या आकाराला सर्व बाजूंनी चिकटून बसते, घोटा हलू देत नाही आणि पायावर येणाऱ्या भाराचा एक हिस्सा प्लास्टरच्या भिंतीतून पोटरीवर घेते. पहिले प्लास्टर सूज उतरल्यावर सैल पडते म्हणून दोन-तीन दिवसांत बदलावे लागते, आणि पुढे साधारण आठवड्याला एकदा बदलतात. ते घालणाऱ्याला या कामाचा सराव असणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या हातांनी घातलेले प्लास्टर स्वतःच नवी जखम करते. म्हणून डॉक्टरांना ‘तुम्ही हे नेहमी घालता का?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही.

दुसरा मार्ग वॉकर बुटाचा. गुडघ्याखालपर्यंतचा कडक सांगाडा, वेल्क्रोचे पट्टे आणि बाहेरून गोलाकार तळ असा हा बूट ऑर्थोपेडिक साहित्याच्या दुकानात तयार मिळतो. त्याच्याभोवती प्लास्टरच्या पट्टीचे एक-दोन वेढे दिले की तोही न काढता येणारा होतो, आणि त्याचा परिणाम टोटल कॉन्टॅक्ट कास्टच्या जवळपास येतो. खर्च आणि कौशल्य या दोन्ही बाजूंनी आपल्याकडे हा पर्याय अधिक विचारात घेतला जावा, असे मला ठामपणे वाटते.

काढता न येण्यावर एवढा भर का, याचे उत्तर दोन अभ्यासांत आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बारा आठवड्यांत टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घातलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, काढता येणारा वॉकर वापरणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांच्या आणि अर्ध्या तळाचा (चवड्याखाली तळ नसलेला) जोडा वापरणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्क्यांच्या. वॉकर काही वाईट साधन नव्हते. मग फरक कशाचा? २००३ साली रुग्णांच्या नकळत बुटात पावले मोजण्याचे यंत्र ठेवून केलेल्या अभ्यासात असे आढळले की दिवसभरातल्या एकूण चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के चालणे बूट घालून होत होते. बाकीचे चालणे बूट काढून. घराबाहेर पडताना बूट आठवणीने घातला जातो आणि उंबऱ्यात तो काढला जातो.

किंचित कमी रक्तपुरवठा आणि सौम्य संसर्ग हे दोन्ही एकत्र असतील किंवा यांपैकी एक मध्यम स्वरूपाचा असेल, जखमेतून फार स्राव येत असेल, रुग्णाला तोल सांभाळता येत नसेल किंवा दिसत नसेल, तर न काढता येणारे साधन धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी काढता येणारा वॉकर निवडतात, पण तो प्रत्येक पावलाला घालण्याच्या अटीवर. टाचेच्या जखमेत अंथरुणातला दाबही तितकाच महत्त्वाचा असतो, म्हणून पोटरीखाली लांबट उशी ठेवून टाच गादीपासून अधांतरी राहील अशी व्यवस्था करावी. बोटाच्या शेंड्यावरची जखम वाकलेल्या बोटामुळे झाली असेल तर त्या बोटाला खाली ओढणारी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुईसारख्या हत्याराने सोडवण्याची छोटी शस्त्रक्रिया चांगला उपयोग देते आणि ती अनेकदा बाह्यरुग्ण विभागातही होते.

वरीलपैकी काहीच जमत नसेल तर फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड, मऊ कापडाचा, पर्याय उरतो. साधारण बोटभर जाडीची चिकट फेल्टची पट्टी घोड्याच्या नालेच्या आकारात कापून जखमेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना अशी लावतात की उघडी बाजू बोटांकडे राहील आणि जखम रिकाम्या जागेत येईल. मधोमध गोल भोक पाडलेली चकती कधीही लावू नये, कारण त्या भोकाच्या कडा जखमेभोवतीची कातडी चेपतात आणि जखम त्या भोकात आणखी सुजते. फेल्ट काही दिवसांत दबून पातळ होते, म्हणून ते वेळच्या वेळी बदलावे लागते, आणि ते लावून अनवाणी चालून उपयोग नाही. वर नीट बसणारे पादत्राण हवेच.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या अस्थिरोग, शल्यचिकित्सा किंवा मधुमेह विभागात या साधनांची चौकशी करावी. पायाच्या मापाची पादत्राणे आणि कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) यांसाठी मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. १९५५ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे.

घरातली पावले

माझ्या अनुभवात जखमेचे भवितव्य घरातच ठरते. नौपाड्यातल्या वन आरके घरात किंवा नेरुळच्या सिडकोच्या सदनिकेत पलंगापासून संडासापर्यंत दहा-बारा पावले असतात. मधुमेही माणूस रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो. अंधारात, अर्धवट झोपेत, बूट शोधण्याऐवजी तो तसाच जातो आणि परत येतो. सकाळी डॉक्टरांना तो प्रामाणिकपणे सांगतो की मी चालत नाही. म्हणून पलंगाशेजारी युरिन पॉट किंवा कमोड खुर्ची ठेवावी आणि बूट काढता येणारा असेल तर तो पलंगाच्या ज्या बाजूने रुग्ण उतरतो त्याच बाजूला, तोंड बाहेर करून ठेवावा. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसताना चवड्यावर मोठा दाब येतो आणि गुडघ्यापर्यंतच्या बुटात तसे बसताही येत नाही, म्हणून वर ठेवायची कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी.

आंघोळीसाठी न्हाणीघरात पाठीची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून रुग्णाने बसून आंघोळ करावी, आणि साधन असलेला पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर घट्ट पट्टी लावून दाराबाहेरच्या स्टुलावर टेकवावा. प्लास्टर भिजले तर ते मऊ पडून आकार सोडते, आणि आतली ओली कातडी काही तासांत पांढरी होऊन सोलू लागते.

स्वयंपाकघरात उभे राहणे हेही भार टाकणेच आहे. चालत नाही, नुसती ओट्याशी उभी असते, असे सांगणाऱ्या बायका मी नेहमी पाहते. पोळ्या होईपर्यंत त्या अर्धा-पाऊण तास एकाच पायावर जोर देऊन उभ्या असतात आणि बाजूला होताना फरशीवर ओलसर डाग दिसला की त्यांना वाटते पाणी सांडले असेल. ओट्याच्या उंचीला जमेल असा उंच स्टूल आणावा, निवडणे-चिरणे टेबलाशी बसून करावे आणि गॅसवरचे काम जखम भरेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावे. यात घरच्यांनी मदत केली नाही तर त्या बाईच्या एकटीच्या निर्धाराने काहीच होत नाही, हे मुलांनी आणि नवऱ्याने समजून घ्यावे.

घरात पादत्राण घालू नये, देवघराजवळ तर मुळीच नाही, ही आपल्याकडची सवय खोल आहे आणि तिचा आदर राखूनही मार्ग काढता येतो. घरासाठीचे जोडे वेगळे, नवे आणि कधीही बाहेर न नेलेले असावेत. वॉकर एकच असेल तर बाहेरून आल्यावर त्याचा तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. पूजेला खुर्चीवर बसावे. जमिनीवर मांडी घालून बसण्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावर दाब येतो, आणि बधिर पायाला तेथेही जखम होते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत आपल्या भागात अनेक जण पाळतात आणि टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनासाठी तासन् तास रांगेत उभे राहतात. पायाला जखम असताना किंवा पाय बधिर असताना हे व्रत करू नये. ज्येष्ठांना हे सांगताना हुज्जत घालण्यापेक्षा व्रताचे दुसरे रूप, म्हणजे अनवाणी राहण्याऐवजी डॉक्टरांना विचारून ठरवलेला एखादा नेम किंवा घरी बसून पाठ, सुचवले तर ते ऐकतात.

वॉकर बुटाचा तळ जाड असल्याने तो पाय दोन-तीन सेंटीमीटर उंच होतो. दुसरा पाय तसाच राहिला तर कंबर दुखते, तोल जातो आणि रुग्ण तक्रार करून बूट काढून ठेवतो. दुसऱ्या पायाच्या चपलेला चांभाराकडून तेवढीच उंची लावून घ्यावी. हा लहानसा खर्च टाळला जातो आणि त्यामुळे हजारोंचा बूट कोपऱ्यात पडून राहतो. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. भार आता दुसऱ्या पायावर वाढलेला असतो, म्हणून त्याचा तळवा रोज पाहावा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.

जिना, प्रवास आणि काम

लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी दिवसात एकदाच उतरायचे असे ठरवावे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना बूट घातलेला पाय आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र आणून थांबावे. ड्रेसिंगसाठी रोज दवाखान्यात जाण्यानेही पावले खर्ची पडतात, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जखम बरी करण्यासाठी म्हणून ठाणे स्टेशनचे पूल ओलांडत, गर्दीत उभे राहत रोज जायचे यात काही अर्थ नाही. आठवड्याला एकदा बदलायचे प्लास्टर किंवा घरी येऊन ड्रेसिंग करणारी परिचारिका हा पर्याय विचारावा, आणि जावेच लागले तर दारापासून दारापर्यंत रिक्षा करावी. उजव्या पायाला साधन असताना चारचाकी किंवा मोटरसायकल चालवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणे पूर्णपणे टाळावे.

कामाचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. वाशीच्या एपीएमसी बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाच्या पायावर त्याच्या वजनासोबत पाठीवरच्या पोत्याचेही वजन येते, आणि ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात मशीनपुढे उभ्याने पाळी काढणाऱ्याला बसायची जागा नसते. अशांना विश्रांती घ्या असे सांगणे सोपे असते आणि पाळणे महाग. ज्यांना राज्य कामगार विमा योजना लागू आहे, त्यांना अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. बहुतेक साध्या जखमांना लागणारा काळ या दिवसांत बसू शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात विमा दवाखान्यातून प्रमाणपत्र घ्यावे. जखम चिघळल्यावर सुट्टी घेतली तर ती कितीही पुरत नाही.

साधन पायात असताना

प्लास्टर किंवा न काढता येणारा बूट घातल्यावर आतले दिसत नाही, म्हणून बाहेरच्या खुणांकडे लक्ष द्यावे. ताप, थंडी वाजणे, अचानक वाढलेली शुगर, जांघेत गाठ, प्लास्टरमधून झिरपलेला नवा डाग, दुर्गंधी, बोटांचा बदललेला रंग, पोटरीत दुखणे, पाय आत सरकू लागणे किंवा प्लास्टर तडकणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ते काढून घ्यावे. पाय बधिर असताना शुगर विनाकारण वाढणे हीच कधी कधी संसर्गाची पहिली खूण असते.

जखमेची लांबी-रुंदी दर आठवड्याला मोजून वहीत लिहून ठेवावी आणि मोबाइलवर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ साधारण निम्म्यावर आले नाही, तर कुठेतरी चुकते आहे. त्या वेळी मलम बदलण्यापूर्वी रक्तपुरवठा, हाडाचा संसर्ग आणि घरातली पावले, या तीन गोष्टी पुन्हा तपासाव्यात.

जखम बंद झाल्यानंतर

कातडी वरून मिटली म्हणजे खालची जागा पक्की झाली असे नसते. डॉक्टर सांगतील तितके आठवडे साधन चालू ठेवावे आणि मग चालणे हळूहळू वाढवावे. नवे पादत्राण तयार होऊन हातात आल्याशिवाय जुना बूट सोडू नये. हे पादत्राण मागून पट्टा असलेले, वेल्क्रोने बांधायचे, आतून मायक्रोसेल्युलर रबराचे मऊ आणि खालून न वाकणारे असावे. अंगठा असलेली चप्पल आणि खिळे ठोकलेला तळ नको. माप संध्याकाळी द्यावे, कारण तोवर पाय सुजलेला असतो.

एकदा भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ६५ टक्के आढळले आहे. त्यामुळे रोज पाय पाहणे चालूच ठेवावे. शक्य असल्यास दोन्ही तळव्यांच्या त्याच जागांचे तापमान कातडीच्या थर्मामीटरने मोजावे. एका बाजूला सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक दिसला तर आत दाह सुरू झाला आहे असे समजून चालणे कमी करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. जुन्या जागेवर लाली, घट्ट्याखाली काळसर डाग किंवा पाण्याचा फोड दिसला, तर त्याच दिवशी वॉकर बूट पुन्हा घालावा, म्हणूनच जखम भरल्यावरही तो बूट कुणाला देऊन टाकू नये आणि त्याचे पट्टे तुटले असतील तर बदलून ठेवावेत.